चावी नको म्हणणारी सिस्टर

फोनवर कोणी म्हणालं, "पेशंट अगदी शांत आहे हो, काहीच त्रास नाही," की मी समजून जायची, पेशंट हात उगारतो. "नुसतं सोबतीला बसायचंय" म्हणजे रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही. "जेवणखाण अगदी घरच्यासारखं" म्हणजे काल उरलेलं. आणि "साधं म्हातारपण आहे" असं कोणी म्हणालं की मी पदर खोचून दहा उलटे प्रश्न विचारायची. साध्या म्हातारपणाला कोणी नर्स बोलवत नाही.

नव्वदच्या दशकात वाशीत माझा नर्सिंग ब्युरो होता. ब्युरो म्हटलं की लोकांना मोठं ऑफिस डोळ्यासमोर येतं. आमचं ऑफिस म्हणजे बिल्डिंगच्या तळमजल्यावरची एक खोली, एक फोन, एक बाकडं आणि मागच्या ओट्यावर गॅस. काम असं, की ज्यांच्या घरी माणूस अंथरुणावर आहे त्यांच्याकडे नर्स नाहीतर आया पाठवायची, आणि एखाद्या नर्सिंग होमला सिस्टर कमी पडली तर तिथेही बाई शोधून द्यायची. मी स्वतः नर्स नाही. माझी शाळा सातवीत सुटली, साताऱ्याकडच्या गावात. आमचे हे इथे मार्केटात माथाडी, कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर. एकदा गोणीसकट घसरले, पाय मोडून घरी पडले, तेव्हा अख्ख्या वाशीत त्यांना बेडपॅन द्यायला एक बाई मिळेना. शहर नवं कोरं, बिल्डिंगी नव्या, नळ नवे, आजारी माणसं तेवढी जुनीच, आणि त्यांना कुशीवर वळवायला कोणी नाही. मग मीच शिकले. पाठीला जखमा का होतात, चादर माणसासकट कशी बदलायची, सगळं यांच्या अंगावर शिकले. ते अजून म्हणतात, तुझा पहिला गिनिपिग मी. बाकीचं माझ्या पोरींनी शिकवलं. पोरी म्हणजे माझ्या नर्सेस. त्यातल्या निम्म्या माझ्याहून थोरल्या, तरी मला आक्का म्हणायच्या.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. सानपाड्याच्या एका काकूंना नर्स हवी होती, पण हसरी नको. म्हणाल्या, मागची हसरी होती, तर आमचे मिस्टर बरेच होईनात. बेलापूरच्या एका साहेबांनी नर्सची जन्मवेळ विचारली, वडिलांच्या पत्रिकेशी जुळते का बघायला. मी म्हटलं, साहेब, आंतरपाट पण आणू का? तरी त्यांना बाई दिली. धंद्यात रुसून चालत नाही.

पण आज मला सुनंदा सिस्टरचं सांगायचंय.

माझा एक नियम होता. बाकड्यावर कोणी येऊन बसलं की आधी चहा, मग बोलणं. नोकरी मागायला आलेल्या बाईचा घसा सुकलेला असतो. सुनंदा आली ती दुपारी, कडक इस्त्रीची सुती साडी, नखं बारीक कापलेली. नर्स ओळखायची तर नखं बघावीत, सर्टिफिकेट नंतर. मी गॅसकडे वळले तर म्हणाली, "आक्का, चहा ठेवू नका. आधी ऐका. मग वाटलं तर ठेवा."

मी म्हटलं, असं का?

"मागच्या दोन ठिकाणी चहा अर्धा टाकून उठावं लागलं."

मग तिने सांगितलं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती सर्जिकल वॉर्डला होती. पेशंट उचलून उचलून कंबर गेली, त्यात डबल ड्यूट्या. एक दिवस ऑपरेशनच्या पेशंटचं जोराच्या दुखण्यावरचं इंजेक्शन थोडं उरलं, ते स्वतःला टोचून घेतलं. कंबर दुखायची थांबली. नुसती कंबरच नाही, सगळंच थांबलं, असं तिचं म्हणणं. मग उरलेलं पुरेना. "पेशंटच्या वाट्याचं मी कधी घेतलं नाही असं मी सगळ्यांना सांगत होते," ती म्हणाली. "ते खोटं होतं, आक्का. एका बाईला मी पाणी टोचलं होतं. ती रात्रभर कण्हत होती आणि मी शेजारीच होते."

हॉस्पिटलने बोभाटा न करता राजीनामा घेतला. ती व्यसन सोडवायच्या केंद्रात राहिली, बाहेर आली, आणि आता दर आठवड्याला एका शाळेच्या वर्गात तिचा ग्रुप बसायचा. सगळी अशीच, सोडलेली माणसं. एकमेकांना खरं ते सांगायचं, एवढाच तिथला कार्यक्रम.

खरं सांगते, माझ्या डोक्यात आधी आली ती माझ्या ब्युरोची अब्रू. मग तिच्या नखांकडे बघितलं आणि उठून चहा ठेवला. पण तिला बजावलं, हे बघ बाई, मला सांगितलंस ते बास. बाहेर कोणाला सांगू नकोस. सर्टिफिकेट शाबूत आहे, हात चांगला आहे, सोड की तो विषय.

ती म्हणाली, "लपवायला लागले की मी पुन्हा त्याच रस्त्याला लागते. तो रस्ता माझ्या पायाखालचा आहे."

आता तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. प्रत्येक नर्सिंग होममध्ये एक छोटं कपाट असतं. झोपेची, गुंगीची, जोराच्या दुखण्यावरची औषधं त्यात. त्याची चावी ड्यूटीवरच्या सिस्टरच्या कमरेला. ड्यूटी बदलली की चावी या हातातून त्या हातात जाते, टेबलावर ठेवून निघून जायचं नसतं. नव्या सिस्टरला चावी देणं म्हणजे तिला मान देणं. कितीतरी पोरी पहिल्या दिवशी चावी मिळाली म्हणून पेढे घेऊन माझ्याकडे आलेल्या आहेत.

आणि ही बया नेमकी चावी नको म्हणायची.

नेरूळच्या एका नर्सिंग होमला मी तिला पाठवलं. तिथले डॉक्टर खूष. म्हणाले उद्यापासून या, आणि कौतुकाने चावी पुढे केली. सुनंदाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हणाली, सर, ड्रेसिंग सांगा, सलाईन सांगा, बाळंतपण सांगा, पण ही चावी मला नको. डॉक्टर हसले, लाजतेय असं वाटलं त्यांना. मग तिने कारण सांगितलं. ते म्हणाले, कळवतो. मला कळवलं, तिला नाही. मला असं कळवलं की पुढे त्यांनी माझ्याकडून आयासुद्धा मागवली नाही.

बेलापूरच्या एका नर्सिंग होमच्या मेट्रनबाई मात्र सरळ होत्या. म्हणाल्या, तुझ्यासारखी आमच्याकडे आधी एक होऊन गेली, ती न सांगता होती. तू सांगून आहेस, हाच काय तो फरक. नाही जमायचं. सुनंदा संध्याकाळी बाकड्यावर बसून हे सांगत होती आणि हसत होती. मी म्हटलं, हसतेस काय? तर म्हणते, "अहो, आज चहा पूर्ण प्यायला मिळाला."

असं चाललं होतं. पनवेलला नाही, कोपरखैरण्याला नाही. मधल्या काळात ती माझ्या ऑफिसात बसून फोन घ्यायची. लोकांना खरं विचारायची, पेशंट मारतो का हो, आणि लोक चक्क खरं सांगायचे. मला चमत्कारिक वाटायचं. एवढी वर्षं मी त्यांच्याशी डाव खेळत होते.

एक दिवस मार्केटातल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. जयवंतशेठ. आमचे हे त्यांच्याच शेजारच्या गाळ्यावर. वडिलांसाठी दिवसाची नर्स हवी होती. मी विचारलं, काय होतंय? शेठ म्हणाले, "काही नाही हो वहिनी, साधं म्हातारपण."

मी नेहमीप्रमाणे पदर खोचला. पण शेठ ओळखीचे, घाईत, आणि ह्यांचा त्यांच्याशी रोजचा संबंध. मी जास्त खोदलं नाही. मनात म्हटलं, म्हातारं माणूस, घर शाकाहारी, देवभोळं, कपाट नाही, चावी नाही. सुनंदाला यापेक्षा बरी जागा मिळायची नाही. शेठना तिच्याबद्दल मी काही बोलले नाही. तिलाही म्हटलं, इथे सांगायचं कारणच काय? साधं म्हातारपण तर आहे. तिने मान हलवली, पण कुरकुरतच.

दुपार व्हायच्या आत फोन. तिचा आवाज अगदी सपाट.

"आक्का, फ्रीजमध्ये आहेत."

"काय आहेत?"

"तीच. अंड्यांच्या कप्प्यात. ओळीने उभी."

घर शाकाहारी, अंड्यांचा कप्पा रिकामाच. त्यात कोणीतरी ती इंजेक्शनं टाचण्यांसारखी नीट खोचून ठेवली होती. ती आप्पांना, म्हणजे शेठच्या वडिलांना, ताक द्यायला फ्रीज उघडायला गेली आणि समोर ती. म्हातारपण साधं नव्हतं, ते माझ्या तेव्हा डोक्यात शिरलं. असली औषधं कशाला लागतात, हे मला पोरींनी शिकवलं होतं. आप्पांना कॅन्सर होता.

मी म्हटलं, घरात कोण आहे? तर सूनबाई मुलाला शाळेतून आणायला गेलेल्या, शेठ मार्केटात. घरात ती, पेशंट आणि तो फ्रीज.

मी शटर ओढलं आणि रिक्षा केली. रस्ताभर नाही नाही ते मनात. लिफ्ट चौथ्या मजल्यावर उघडली तर समोरच, जिन्याच्या पॅसेजमध्ये, व्हीलचेअरवर आप्पा. डोक्याला टोपी, अंगावर शाल, हातात शेजारणीने दिलेलं ग्लुकोजचं बिस्कीट. आणि सुनंदा पायरीवर बसलेली, एक हात चाकावर. घराचं दार कडी लावून बंद. पेशंटला एकटं सोडायचं नाही हा नर्सचा धर्म, आणि आत थांबायचं नाही हा तिचा. म्हणून ती पेशंटलाच घेऊन बाहेर आली होती.

आप्पा मला बघून खूष. "या बाई, बसा. हितं हवा चांगली हाय. घरात छत बघून बघून मान धरली माझी."

मी पायरीवर बसले. मी काही विचारायच्या आत लिफ्ट उघडली आणि शेठ आले. मार्केट दुपारी थंडावतं, जेवायला घरी. मागून सूनबाई, पोराचं दप्तर खांद्यावर.

"हे काय चाललंय? आप्पांना जिन्यात आणून बसवलंय?"

माझी जीभ सवयीने चालू झाली. म्हटलं, काही नाही शेठ, सिस्टरना आत जरा चक्कर...

"नाही आक्का," सुनंदा म्हणाली. आणि उभी राहून तिने सगळं सांगितलं. कंबर, इंजेक्शन, वॉर्ड, केंद्र. पाणी टोचलेली बाईसुद्धा. तेही आप्पांच्या समोर. मी मनात म्हटलं, संपलं.

शेठचा चेहरा लाल. "म्हणजे वहिनी, माझ्या घरात तुम्ही गर्दुल्ली पाठवलीत?"

आता मीही साताऱ्याची. म्हटलं, "आणि तुम्ही मला काय सांगितलंत? साधं म्हातारपण."

शेठनी पटकन आप्पांकडे पाहिलं आणि मला डोळ्यांनी दटावलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आप्पांनाही सांगितलेलं नव्हतं. अशा वेळी जीभ चावून काही उपयोग नसतो. सूनबाई पोराला घेऊन शेजारणीच्या दारात सरकल्या. शेठ म्हणाले, आप्पा, तसं काही नाही, अशक्तपणा आहे फक्त.

आप्पांनी बिस्कीट संपवलं. शालीवरचा चुरा झटकला.

"जयवंता, मला काय झालंय ते मला म्हाईत हाय. डॉक्टर शक्तीचं इंजेक्शन म्हनून टोचतो आन् मी पन म्हनतो, शक्ती आली. तुमास्नी बरं वाटावं म्हनून."



इथे मार्केटाबाहेरच्या लोकांसाठी सांगते. जुन्या व्यापाऱ्यांत सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात एका रुमालाखाली, आणि बोटं दाबून भाव ठरायचा. बाजूला दहा माणसं उभी असली तरी काय भाव फुटला ते कोणाला कळायचं नाही. आप्पा त्यातले पटाईत. आमचे हे सांगायचे, आप्पांच्या रुमालाखाली हात घालताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

तर आप्पा म्हणाले, "सगळी हयात रुमालाखाली गेली माझी. गाळ्यावर पन आन् आता घरात पन. ही पयली पोरगी भेटली, जिनं रुमाल काढून भाव सांगितला. हिलाच ठेवा."

"आप्पा, पण ती औषधं..."

"ती काढ की फ्रीजमधून. तिथं कांदं ठेव."

पॅसेजमध्ये पहिल्यांदा कोणीतरी हसलं. शेजारीण हसली, मग सूनबाई, आणि सगळ्यात शेवटी शेठ, डोळे पुसत.

मग व्यवस्था लागली. बिल्डिंगखालीच त्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. इंजेक्शनं तिथे गेली. दुखायला लागलं की सूनबाई फोन करायच्या, डॉक्टर नाहीतर त्यांची सिस्टर वर येऊन टोचून जायची, तेवढा वेळ सुनंदा दुसऱ्या खोलीत. बाकी सगळं सुनंदा. अंघोळ, पाठ, तोंड, बाकीची औषधं, पॅसेजमधली रोजची फेरी. ती फेरी आता सोसायटीचा कार्यक्रमच झाली, आप्पा तिथून दरवाजा दरवाजाला कांद्याचे भाव विचारायचे आणि चुकीचे म्हणून ओरडायचे. कधी डॉक्टरांना उशीर झाला तर कळ दाबून म्हणायचे, "लिफ्टनं येतोय का पार उरणकडच्या जासईवरनं चालत?" सुनंदा त्यांचा हात धरून बसायची. तिने मला नंतर एकदा सांगितलं, ती पाच-दहा मिनिटं तिला सगळ्यात जड जायची. तेव्हा तिला ती वॉर्डातली बाई आठवायची. पण हात सोडून ती कधी उठली नाही.

आप्पा काही महिन्यांनी गेले, घरच्या अंथरुणावर, मुलाला नीट सगळं सांगून, कोणाला कोणती जागा, कोणता गाळा. पाठीला एक जखम नाही. माझ्या धंद्यात हे सर्टिफिकेट.

तेराव्यानंतर जयवंतशेठ ऑफिसात आले. माझ्या बाकड्यावर आधी कधी बसले नव्हते. म्हणाले, "वहिनी, सिस्टरबद्दल कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. मी सांगेन." आणि खरंच सांगायचे. फोनवर पहिलं वाक्य, "तिला व्यसन होतं, आता नाही," आणि दुसरं, "माझ्या वडिलांना तिनेच सांभाळलं." त्यापुढे लोकांनी काय करायचं ते करावं.

मीही तेव्हापासून तसंच बोलायला लागले. फोनवर आधी खरं, मग बाकीचं. गिऱ्हाइकं थोडी तुटली. पण जी राहिली ती टिकली. मला वाईट एवढंच वाटतं, की माझ्या बाकड्यावर याआधीही अशा एकदोघी येऊन गेल्या असणार, आणि "सोड की तो विषय" असं मी त्यांनाही म्हणाले असणार. त्या कुठे गेल्या, मला माहीत नाही.

सुनंदाला कायमची नोकरी लागली ती उरणला. तिथल्या एका छोट्या बाळंतपणाच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, वयाने माझ्याएवढ्या, तोंडाने माझ्याहून फटकळ. मी फोनवर सगळं सांगितलं, चावीचंही. त्या म्हणाल्या, "चावी? चावी मी माझ्याच कमरेला लावते. माझा कोणावर भरवसा नाही, नवऱ्यावरसुद्धा. आतापर्यंत आलेल्या सगळ्या सिस्टर पहिल्या दिवशी चावी मागतात आणि दुसऱ्या दिवशी रुसतात. न मागणारी कोणी असली तर लगेच पाठवा."

मी स्वतः तिला सोडायला गेले. बस जासईला कंटेनरच्या गाड्यांमागे अडकली, तिथेच तासभर. सुनंदा खिडकीतून बघत होती. मी म्हटलं, टेन्शन आलं का? म्हणाली, "आक्का, पहिल्यांदा कोणाला सांगायचं काही उरलं नाहीये. करमत नाही."

पुढे कधी गेले की दवाखान्यातल्या आज्ज्या मला घेरून सांगायच्या. गव्हाणच्या एका म्हातारीने तर माझा हातच धरला. "ही नर्सबाय कोन हाय गो? हिचा हात लय हलका हाय. माजे सुनेला कललाच नाय सुई कवा टोचली."

मी म्हटलं, आमचीच आहे.

आणि मग एक दिवस, सुनंदाला उरणला बराच काळ झाल्यावर, डॉक्टरीणबाईंचा फोन. दवाखाना वाढवतेय, तुमच्याकडे चावी न मागणारी आणखी एक आहे का? मी म्हटलं, असल्या काय बाजारात मिळतात? त्या म्हणाल्या, तुमच्या सुनंदाला विचारा, ती म्हणते मिळतात.

दुसऱ्याच दिवशी सुनंदा दारात उभी. तिच्यामागे एक बाई, पन्नाशीची, खांदे पडलेले, पर्स छातीशी धरलेली. नखं मात्र बारीक कापलेली. सुनंदा म्हणाली, ग्रुपमधली आहे, पनवेलला राहते, हिला तुमच्याशी बोलायचंय. आणि ती स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसली, त्या दिवशी आप्पांच्या जिन्यात बसली होती तशी.

मी गॅसकडे वळले. बाई बाकड्याच्या अगदी कडेला टेकली आणि घाईघाईने म्हणाली, "चहा नको आक्का. आधी माझं ऐकून घ्या, मग..."

म्हटलं, ठेवलाय. तू बोल, उकळेपर्यंत.